विंडोज दहा नसून अकरा असल्याबाबत पुरवणी जबाब

मी, बाजारात 'भरतकामवाल्या मावशी' म्हणून ओळखली जाणारी, वय ६२ वर्षे, धंदा मशीनवर भरतकाम, राहणार कापडबाजारामागे दुकानाच्याच माडीवर, समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगते की,

माझ्या दुकानातून लॅपटॉप चोरीस गेल्याची तक्रार मी सोमवारी दिली आहे. भरतकामाच्या मशीनला नक्षी त्यातूनच जाते. शाळेच्या बॅण्डच्या कोटांची नक्षी त्यातच आहे, दुसरीकडे कुठेही नाही. तो मिळाला नाही तर शनिवारी मुले कोऱ्या कोटांत उभी राहणार.

तक्रारीत ओळखीची खूण म्हणून मी 'विंडोज दहा' असे सांगितले होते. हवालदारसाहेब राहू द्या म्हणत असता मी आग्रहाने लिहायला लावले. कारण अपडेट करू या म्हणून सून रोज कानीकपाळी ओरडत होती व मी करू दिले नव्हते. नव्यावर मशीन चालत नाही, हे मी बाजारभर सांगितले आहे.

आज सापडलेला लॅपटॉप दाखवला. मी लांबूनच ओळखला. हवालदारसाहेबांनी सेटिंग, सिस्टिम, अबाउट असे उघडून पाहिले व म्हणाले, "मावशी, कागदावर दहा, पडद्यावर अकरा. हा दुसऱ्याचा दिसतो." चोरानेच बदलले असेल, असे मी म्हणाले. त्यांनी अकरा बसवल्याची तारीख दाखवली. ती मार्चमधली, म्हणजे चोरीच्या कितीतरी आधीची होती.

त्यावर सोबत आलेली सून खाली बघत म्हणाली, "आई, मीच केलं. तुम्ही तुमच्या बहिणीकडे गेला होतात ना, तेव्हा."

मी विचारले, मग मशीन चालले कसे?

"चालतंच आहे की. तुम्ही भरतकामाचं तेवढं उघडता, बाकी कुठे बघता? गेल्याच आठवड्यात शेजारच्या शिंपीकाकांना सांगत होतात, जुनं ते सोनं, बघा कसं मस्त चालतंय."

हवालदारसाहेबांनी तोंडावर रुमाल धरला. मला आधी राग आला, मग इतके हसू आले की बाकावर बसावे लागले. सूनही हसत होती. लग्न होऊन आल्यापासून ती माझ्यासमोर एवढी मोकळी हसलेली मला आठवत नाही. मला फार बरे वाटले.

नक्षी उघडून पाहिली, सगळी जागेवर आहे. लॅपटॉप माझाच आहे. आधीच्या तक्रारीत दहाऐवजी अकरा वाचावे. चोराविरुद्ध माझी तक्रार कायम आहे. सुनेविरुद्ध काहीही नाही.

जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला, तो मी सांगितला तसाच लिहिला आहे. सुनेबद्दलचे वाक्य तिने पुन्हा एकदा वाचायला लावले. तेही बरोबर आहे.