मधला दिवस

ओढू नका, ओढू नका — ते शटर आज वर जायचं नाही. कुलूप दिसत नाही का? सुट्टी आहे. शनिवार बंद, रविवार बंद आणि आज सोमवारी सरकारी सुट्टी. एटीएममधले पैसेही संपलेत, लागून सुट्ट्या आल्या की दुसऱ्याच दिवशी तिथं खडखडाट. या, बसा बाकावर. कुठली बस हवीय? तळ्याची? मग योग्य जागी आलात, ती इथंच थांबते, बँकेसमोर. मी? मी बँकेत आलोय. हसा, हसा — याच शाखेत ठेवींच्या खिडकीमागे ज्यानं उभी नोकरी काढली, त्यानं सुट्टीच्या दिवशी बँकेत यावं म्हणजे न्हाव्यानंच दाढी वाढवून फिरण्यातला प्रकार. पण सोमवारी बँकेत जाईन असं चारचौघांत म्हटलं होतं, तर आलो. दिलेला शब्द.

चारचौघं म्हणजे कोण? बायको, मेहुणी आणि साडू, आणि चौथा मी. साडू असणं हा काही त्याचा गुन्हा नाही म्हणा, कुणाच्याही बायकोला बहीण असू शकते. पण माझ्या साडूचं चष्म्याचं दुकान आहे, स्वतःचं. मनात आलं की दारावरची पाटी उलटी केली, 'बंद', झाली सुट्टी. आणि तरी वर्ष संपत आलं की फोन कुणाला? मला. "साडूबुवा, सुट्ट्यांची यादी आली का? यंदा मधले दिवस किती?" मधला दिवस माहीत नाही तुम्हाला? अहो, दोन सुट्ट्यांच्या बेचक्यात अडकलेला कामाचा एकटा दिवस — हा उद्याचा मंगळवार बघा ना. आज सुट्टी, परवा सुट्टी, मध्ये तो बिचारा. त्या एका दिवसाची रजा टाकली की सगळी माळ सलग. बँकेत त्या रजेवरून भांडणं व्हायची. आणि मग खिडकी कुणी सांभाळायची? मी. "तुम्हाला कुठं जायचंय?" साहेब विचारायचे, आणि मीही म्हणायचो, खरंच, मला कुठं जायचंय. बायको कधी काही बोलली नाही. म्हणजे एकदा बोलली होती — तळं बघायचंय म्हणाली. म्हटलं, तळं काय पळून जातंय?

तर साडूला सगळं मी शिकवलं. प्रवासाचे पैसे कधी काढून ठेवायचे, बिलं कधी भरून टाकायची, सुट्टीच्या तोंडावर चेक का टाकायचा नाही — टाकलात तर पैसे ना तुमचे ना त्याचे, सुट्टीभर आपले लटकलेले. आणि ठेव ठेवायची तर तिची मुदत सुट्टीच्या दिवशी संपेल अशी. बँक बंद म्हणून रक्कम नंतर मिळते, पण आमच्याकडे तेवढ्या दिवसांचं व्याज पडायचं. मी म्हणायचो, बँक झोपते, पण व्याज जागं राहतं — हसलात! बघा, हसलात तुम्ही. हे वाक्य माझं आहे. नीट लक्षात ठेवा, माझं. कारण गेल्या आठवड्यात तो जेवायला आला आणि माझ्याच घरात, माझ्याच खुर्चीवर बसून म्हणाला, "ताई, एक गंमत सांगू? बँक झोपते हो, पण व्याज जागं राहतं!" आयत्या बिळावर नागोबा. आणि बायको हसली. कशी हसली? चष्मा काढून डोळे पुसले तिनं. चष्मा त्याच्याच दुकानातला, फ्रेमही त्यानंच निवडलेली. चांगली दिसते तिला. तेच तर म्हणतोय मी, चांगली दिसते.

हे वाक्य मी तिच्यासमोर पहिल्यांदा म्हटलं तेव्हा काय झालं सांगू? भाजी निवडत होती. म्हणाली, "देठं इकडे टाका."

जळतो? मी? चष्मेवाल्यावर? भलतंच. पोटात जरा दुखलं त्या रात्री, पण ते जेवण जड झालं म्हणून. माणूस वाईट नाही हो तो, सगळ्यांचं करतो. आता तर यादी ज्याच्या त्याच्या फोनवर येते, मला कोण विचारतंय? आमच्या दोन्हीकडच्या नात्यात कुणाला कुठं जायचं असलं की साडूला विचारतात, आणि तो माझी अक्कल त्यांना चष्म्यासारखी डोळ्यावर बसवून देतो. वर म्हणतात, काय हुशार माणूस!

तर त्याच जेवणात त्यानं बेत काढला. तळ्याकाठी खोल्या घेतल्यात, शनिवारी निघू, बुधवारी परत, चार जागा धरल्यात, साडूबुवा, तुमचीही. तळं! माझ्या बायकोला तळं तो दाखवणार! मी म्हटलं, मला जमायचं नाही. सोमवारी बँकेत काम आहे, ठेव नवी करायचीय.

साडू ताटात बघत राहिला, मेहुणी उगीच पाणी प्यायली. बायको म्हणाली, "सोमवारी?" म्हटलं, सोमवारी. "बँकेत?" म्हटलं, मग काय वाण्याकडे? "बरं," म्हणाली. आणि ते 'बरं' ऐकल्यावर माझ्या डोक्यात उजेड पडला. हात दाखवून अवलक्षण! सुट्ट्यांच्या यादीवर ज्याची हयात गेली त्याला थाप मारायला आठवड्यातून नेमका तोच वार सापडला. साडूनं चूक काढली असती तर निदान भांडता आलं असतं. पण नाही, समजूतदार माणूस! शनिवारी ते तिघं गेले, आणि काल तिथून फोन केला त्यानं. "साडूबुवा, उद्या बँकेत लवकर जा हो, गर्दी असते." अगदी गंभीर आवाजात. आणि मागून हसू आलं. तिचं. तीस माणसांत ओळखेन मी ते, जरी माझ्यामुळे फारसं ऐकलेलं नसलं तरी.

काय म्हणालात? पिशवी? काही नाही, कागद आहेत ठेवीचे. फुगलीय म्हणजे — मऊ कागद आहेत. बरं, स्वेटर आहे. दाढीचं सामान, रक्तदाबाच्या गोळ्या, कानटोपी. शनिवारी जाताना बायको दाराशी भरून ठेवून गेली आणि म्हणाली, "बँकेत जाल तेव्हा ही न्या." बँकेत कानटोपी कशाला, हे मी विचारलं नाही. तिनंही सांगितलं नाही. या बँकेसमोर कुठली बस थांबते ते तिला ठाऊक आहे — इतकी वर्षं याच थांब्यावर डबा आणून द्यायची, तेव्हा बसवरच्या पाट्या वाचत उभी असायची.

ती बघा, आलीच. उठा. सुटे हातात ठेवा. नाही, मी कशाला येऊ? जा तुम्ही. संध्याकाळी तो तळ्याकाठी कुणाला तरी गाठून पुन्हा तेच वाक्य फेकेल, ती पुन्हा चष्मा काढेल, आणि ते मी तिथं जाऊन बघू? — ऐका, मघाशी तुम्ही हसलात ते वाक्याला की माझ्या सांगण्याला? खरं सांगा. नको, राहू द्या. उद्या मंगळवार, मधला दिवस, माझी खिडकी कोण — दुसराच कुणी बसतो आता तिथं, आणि बँक काही बुडालेली नाही.

अहो कंडक्टर, थांबा! घंटी मारू नका, दोघं आहोत! पाय काढा तो, पिशवी अडकतेय. आत सरका जरा. तिकडे नाही, इकडे. खिडकी माझी. आणि आता कृपा करून गप्प बसा, एक अक्षर बोलू नका — तळं येईपर्यंत मला एक नवं वाक्य जुळवायचंय.