डाव्या तोंडाची कणीक

उद्धवराव : नाही, नाही, कोंडाजी! हा प्लग नाही चालायचा. पुस्तकात अर्धा इंच लांबी दिलीय. हा पाऊण इंच आहे.

कोंडाजी : पाव इंचाचं काय घेऊन बसलात, साहेब? लढाईत देहूरोडच्या वर्कशॉपात शंभर लॉऱ्यांना हेच प्लग ठोकलेत मी.

उद्धवराव : लॉरीचं इंजिन वेगळं. इथं प्लग पाव इंच जास्त आत गेला की पिस्टन वर येऊन त्याला ठोसा मारील.

तात्याबा : मारू द्या की ठोसा. तेवढंच इंजान हलकं हुईल उतरवायला.

उद्धवराव : तात्याबा, बारा वाजायचेत अजून.

तात्याबा : मी कुठं काय म्हणतोय, दाजी? निघोज्याहून पहाटं बैलगाडी जुपून निघालो. दोर आणलाय, पहार आणलीय. अक्का म्हणली, "तात्या, रविवारी बाराच्या आत ह्यांची गाडी सुरू न्हाई झाली तर इंजान तुझं. हिरीवर लाव." मी आपला सावलीत बसलोय.

कोंडाजी : पाव्हणं, ही शर्यतीची गाडी आहे. हिच्या इंजिनानं कांद्याला पाणी पाजणार?

तात्याबा : शर्यतीची? नऊ वर्सं चिंचवडात हाय, कुनाच्या म्होरं पळाली सांगा. कोंबडीच्या?

उद्धवराव : कोंबडी बसत होती सीटवर, कबूल. आता काढलीय तिला.

कोंडाजी : अंडी मात्र बराबर दोन सीटवर दोन निघाली. हिशेबाची कोंबडी.

उद्धवराव : कोंडाजी, त्या डब्यातले प्लग दाखवा. जुन्या बाजारातून मी आणलेले. हे दोन ठीक आहेत. हा तिसरा तडकलाय. हा चौथाही बरा आहे. आता आणखी एक कुठून आणायचा?

कोंडाजी : माझ्या पेटीत आहे एक. अर्धाच इंच. पण तो मी ठेवला होता.

उद्धवराव : कशासाठी?

कोंडाजी : देवळातल्या मूर्तीमागं दिव्यांची माळ टांगायला खिळा म्हणून. घ्या. देव समजून घेईल.

तात्याबा : पट्टा कसला घातलाय ह्यो?

कोंडाजी : पिठाच्या गिरणीचा. मधून कापून शिवलाय. मूळ पट्टा विलायतेहून यायचा म्हटलं तर दिवाळी उजाडेल.

तात्याबा : कुठली दिवाळी? आमी नऊ मोजल्या. लग्नाच्या वर्षी दाजी आईला म्हणले, पहिली फेरी तुमच्या अंगणात. आईनं गाडी वळायला जागा पायजे म्हणून दारातला पेरू तोडला. फळाला आलेला पेरू, मिस्त्री!

उद्धवराव : मला ठाऊक आहे, तात्याबा.

तात्याबा : ठाऊक हाय, पर पेरू न्हाई.

उद्धवराव : खडकीच्या गोऱ्या कॅप्टनानं देश सोडताना किल्ली माझ्या हातात दिली. त्याच्या स्टोअरचा मी साधा कारकून. मला वाटलं, चार दिवसांत चालवतो. मग पेनिसिलीनच्या कारखान्यात नोकरी, मग क्वार्टर, मग हे बिघडलं, ते बिघडलं... कोंडाजी, ठिणगीच्या पॉइंटची फट बघायची राहिलीय. इंचाचे हजार भाग केले तर त्यातले बारा. ही मापाची पाती घ्या.

कोंडाजी : पाती ठेवा खिशात. एक पोस्टकार्ड द्या.

उद्धवराव : पोस्टकार्ड?

कोंडाजी : मिलिटरीत सगळे असंच करायचे. पोस्टकार्ड आत सरकलं पाहिजे, पण अडत अडत. द्या तर. ...हां. आता तुमची पाती घाला.

उद्धवराव : तंतोतंत! कमाल आहे.

तात्याबा : कुनाचं पत्र हाय ते?

उद्धवराव : तुमच्या आईचं. मागच्या आठवड्यात आलं.

तात्याबा : काय लिवलंय?

उद्धवराव : शाळेच्या मास्तरांकडून लिहून घेतलंय. सगळ्यांना आशीर्वाद. आणि गाडी कधी येणार.

तात्याबा : ...वाजले किती?

उद्धवराव : साडेअकरा. बारा म्हणजे बाराची गाडी स्टेशनात शिरेपर्यंत, असं ठरलंय ना?

तात्याबा : तसंच. माझ्याकडं घड्याळ कुठाय?

उद्धवराव : मग मारा हँडल, कोंडाजी.

(कोंडाजी हँडल फिरवतो. दोन खोकले, मग धडधड. सगळी गाडी हिवताप भरल्यासारखी थरथरते. बैल कान टवकारतात. गाडी बंद पडते.)

तात्याबा : झाली सुरू? का मेली?

उद्धवराव : चारांतली दोनच सिलिंडरं पेटतायत. दोन नुसती खोकतात. हवा-पेट्रोल मिसळणारे दोन्ही कार्ब्युरेटर तुम्ही कसे लावलेत, कोंडाजी?

कोंडाजी : पुस्तकात आहे तसेच. सायकलच्या ट्यूबचं एक टोक कानात, एक टोक त्याच्या तोंडाशी, आणि हवा ओढतानाचा आवाज ऐकायचा. काल जुन्याच प्लगांवर, खोकत खोकत का होईना, पेटवून तासभर ऐकलं. उजव्याचा बारीक, डाव्याचा जाड. अगदी चोख.

उद्धवराव : बारीक आणि जाड?

कोंडाजी : मग?

उद्धवराव : दोन्ही सारखे पाहिजेत! दोघांनी सारखीच हवा ओढली पाहिजे. इंजिनाच्या एका अंगाला जेवण आणि एका अंगाला उपास, असं झालंय हे!

कोंडाजी : साहेब, वीस वर्षं मोरयाच्या देवळात दर गुरुवारी पखवाज लावतोय मी. उजवं तोंड चढं, डावं उतरलेलं. दोन्ही तोंडं सारखी लावली तर तो पखवाज नाही, रॉकेलचा डबा.

उद्धवराव : हा पखवाज नाही, कोंडाजी!

कोंडाजी : दोन तोंडं आहेत, कानानं लावायचंय. हात आपोआप गेला. मी काय करू?

तात्याबा : मिस्त्री, एक इचारू? पखवाजाच्या डाव्या तोंडाला कणीक लावत्यात. हितं न्हाई ना लावली?

उद्धवराव : काहीतरीच काय बोलता, तात्याबा.

तात्याबा : मिस्त्री?

उद्धवराव : कोंडाजी?

कोंडाजी : जराशी.

उद्धवराव : कुठे!

कोंडाजी : तोंडाला नाही. डाव्याच्या बुडाला, सांध्यात. फटीतून वारा शिरत होता. तिथली चकती फाटलेली, दुसरी पुण्यात मिळेना. घरी माझी बायको सावित्री पोळ्या लाटत होती. म्हटलं, एक गोळा दे.

उद्धवराव : अहो, विलायती गाडीला कणीक?

कोंडाजी : हात लावून बघा. इंजिनाच्या उष्णतेनं भाजून दगड झालीय. वारा शिरतोय का तेवढं सांगा.

उद्धवराव : ...नाही शिरत.

कोंडाजी : मग तिला कशाला बोलता?

तात्याबा : मीठ घातलंय का?

उद्धवराव : तात्याबा! कोंडाजी, कणीक राहू द्या. दोन्ही आवाज सारखे करा. डावा स्क्रू थोडा आत. थोडाच. मी हँडल मारतो, चालेल तेवढी चालू द्या. तुम्ही ट्यूब धरा.

कोंडाजी : हाताला पटत नाही, साहेब.

उद्धवराव : डोळे मिटा आणि दोन झांजा आहेत असं समजा.

कोंडाजी : झांजा... हां. झांजा सारख्याच असतात. हे आधी बोलायचं. ...अजून जरा... थांबा... आता बोलतायत एकसारखे. बंद करा. प्लग पुसून घेतो.

तात्याबा : दाजी, शिट्टी ऐकली का?

उद्धवराव : सिग्नलला उभी असेल. अजून स्टेशनात शिरली नाही.

तात्याबा : धूर तर फाटकापाशी दिसतोय.

उद्धवराव : धूर म्हणजे गाडी नव्हे! बसवले प्लग? मारा, कोंडाजी! जोरात!

कोंडाजी : जय मोरया!

उद्धवराव : लागली! लागली, कोंडाजी! ऐका, चारही सिलिंडरं!

कोंडाजी : काय बोलतेय बघा! पाव्हणं, बैल धरा!

उद्धवराव : बैल कोंडाजी धरतील. तुम्ही आत बसा, तात्याबा. आकुर्डीपर्यंत जाऊन येऊ.

तात्याबा : मी? माझं काय काम?

उद्धवराव : साक्षीदार लागेल ना? बसा. पाय लांब करून बसा, आत मांडी मावत नाही.

तात्याबा : आवो हळू! हळू! बूड रस्त्याला घासतंय जनू! दाजी, ती येष्टी! येष्टी!

उद्धवराव : दिसतेय मला.

तात्याबा : मागं टाकली! येष्टीला मागं टाकली! डायवरचं तोंड बघितलं का? आरं, माझा फेटा! जाऊ द्या, येताना गावंल. दाजी, पोळ्या कोन भाजतंय?

उद्धवराव : कोणी नाही. ती कणीक तापतेय.

तात्याबा : भूक लागली की ओ. वळू नका एवढ्यात. त्या वडाच्या झाडापातूर जाऊ.

कोंडाजी : आलात? मला वाटलं, मुंबई गाठली. काय पाव्हणं, फेटा कुठाय?

तात्याबा : हातात हाय. बाभळीला अडकला होता.

उद्धवराव : तात्याबा, एक बोलायचं राहिलंय. इंजिन लागलं तेव्हा बाराची गाडी स्टेशनात शिरली होती की नव्हती, मला खात्रीनं सांगता येत नाही. डबे दिसले होते मला. मी बोललो नाही.

कोंडाजी : साहेब, कशाला उकरता?

उद्धवराव : तुमच्या अक्कानं, यशोदेनं, तुम्हाला शब्द दिलाय. तिच्यापुढं मला खोटं बोलता येत नाही. इंजिन घ्यायचं असेल तर घ्या. कोंडाजी, पाने आणा.

तात्याबा : राहू द्या पानं. अक्काला सांगा, तात्यानं इंजान बघितलं, पर पसंत पडलं न्हाई.

उद्धवराव : का, म्हणून विचारील ती.

तात्याबा : म्हनावं, आत कणीक हाय. हिरीवर लावलं तर मुंग्या लागत्याल.

उद्धवराव : तात्याबा...

तात्याबा : मिस्त्री, बैलं जुपा. आन दाजी, अक्काला घेऊन निघोज्याला लगेच निघू नका. चार वाजता निघा. बैलांना येळ लागतो.

उद्धवराव : तुमच्या पाठोपाठच येतो की.

तात्याबा : नको. पेरूच्या जागी आईनं मिरच्या वाळत घातल्यात. तेवढ्या गोळा करतो आधी.