तुरीतली अकरा झाडं

नाही वं बाई, त्या पोत्यावर नको बसू, ती सोयाबीन ओली हाये, साडी खराब होईन तुही — इथं बस, या ताडपत्रीवर. आन् काही सांगू नको. तू फाटकातून आत आली ना, तवाच समजलं मले काऊन आली ते. उकंडरावची पोरगी अमडापूरहून एवढ्या उन्हात जानेफळले येते, भर दुपारी अडतीवर येते, मापाऱ्याच्या पुढ्यात उभी राह्यते — ती काय सोयाबीनचा भाव इचाराले आली असन? परवा तारीख हाये. मलेबी कागद आला कोर्टाचा. पंच म्हनून साक्ष द्याची हाये, काटा माहा होता, वजन म्या केलं होतं. तू म्हनशीन, इंद्रभानकाका, कोर्टात खरं सांगा, माह्या बापाले सोडवा. थांब, थांब — मले बोलू दे पहिले. दोन वर्षं झाले, या गोष्टीवर कोनापाशी तोंड नाही उघडलं म्या. आज महादेवराव अडत्ये मेहकरले गेले, हमाल जेवाले गेले, कोनी नाही. पानी पे. माठातलं हाये, थंड हाये.

आता तूच सांग, तुह्या बापानं काय केलं होतं? गांजा लावला. हाव, लावला, खोटं काऊन बोलाचं — तुरीच्या तासात अकरा झाडं. पन ते पाह्य तिकडे, रस्त्याच्या पलीकडे, काय दिसते? देशीचं दुकान. बोर्ड हाये, लायसन हाये, आत फ्रेमीत लावेल हाये. आमच्या याच अडतीवरचे दोन हमाल त्या दुकानानं खाल्ले, एकाचं पोट हे एवढं फुगलं होतं, चाळीशी नाही पाह्यली त्यानं. त्याची बायको आता इथंच झाडलोट करते. त्या दुकानाचं कोनी काही उपटलं नाही. आन् माहा आजा सांगे, पहिले गांजाचाबी ठेका होता, सरकारीच, तोळ्यानं मोजून देत. मंग कायदा आला. झाड तेच राह्यलं, लोकबी तेच राह्यले, फकस्त एका दिवसात गुन्हा झाला. बैलाचं पोट फुगलं का आजा त्याचाच पाला गुळातून चारे. महाशिवरात्रीले भांग घोटतात, तवा पोलीस देवळापुढे बंदोबस्ताले उभे राह्यतात, पोरं त्याहिलेबी परसाद देतात. भांग म्हनजे काय? त्याच झाडाचं पान. पान चालते आन् फूल नाही चालत — असा तं कायदा हाये.

मी असं नाही म्हनत का गांजा चांगला. चिलमी ओढून ओढून कामातून गेलेले पोट्टे पाह्यले म्या, दिवसभर पारावर बसून हसतात, शेत पडीक. पन ते तं आताबी भेटून राह्यलं त्याहिले! बंदी हाये म्हनून कोनाचं थांबलं? चोरून येते, कोन इकते मालूम नाही, काय मिसळते मालूम नाही, लेकराले देते का म्हाताऱ्याले देते, कोनी इचारत नाही. माहं तं म्हननं हाये, काट्यावर आना. दुकान लावा, वजन लावा, वय पाहा, दुखन्याच्या मानसाले डॉक्टरच्या चिठ्ठीवर द्या. जे उघड्यावर इकते त्याचं माप करता येते, चोरून इकते त्याचं काय करसान? तीस वर्षं माप केलं म्या, मले एवढंच समजते. चहाच्या टपरीवर कधी बोललो नाही हे. म्हनतीन, इंद्रभान ओढाले लागला.

आन् उकंडराव तं इकतबी नव्हते. रुपाया घेतला नाही कोनापासून. ज्याले दुखे त्याले देत — मनकर्णाबाईच्या गुडघ्याले तेलात कालवून देत, त्या शिंप्याले झोप येत नव्हती त्याले देत, आन् — जाऊ दे. नाही, जाऊ काऊन देऊ. माह्या घरीबी येये ती पुडी. तुले मालूम नसन, तुह्या बापानं सांगतलं नसन, तो मानूसच तसा. तुही कोकिळाकाकू, तिले पिशवीचा क्यान्सर होता ना, शेवटच्या सा-सात महिन्यात काही खाये नाही वं ती. भाकरीचा वास आला का ओकारी. मोठ्या दवाखान्यात म्हनले, आता घरी घेऊन जा. दुखन्याची भारी गोळी असते म्हने, ती तालुक्याले भेटत नाही, शहरात भेटते, तेबी कागद पाह्यजे, शिक्का पाह्यजे, आज डॉक्टर नाही, उद्या साठा नाही. तीन खेपा मारल्या म्या. आन् इथं तुहा बाप संध्याकाळी सायकलवर ये, कागदाची एवढीशी पुडी, तुपात परतून चमचाभर — अर्ध्या घंट्यानं ती म्हने, अहो, जरा वरन-भात द्या. वरन-भात मांगे ती! टीव्ही पाहे. एक दिवस तं हसली, काहावर हसली ते आठवत नाही, पन हसली. डॉक्टरले जे जमलं नाही ते त्या झाडानं केलं, मी कोनाहीपुढे सांगीन हे. म्हनजे, आता सांगीन. तवा कोठी सांगतलं?

तो दिवस कार्तिकातला. मी इथंच होतो, याच काट्यावर. पोलिसाची गाडी आली, म्हने मापारी पाह्यजे, काटा घेऊन चला, पंच बी तुम्हीच. कोठी? तं म्हने उकंडरावच्या वावरात. गाडीत मांगे बसलो, काटा मांडीवर, एवढंच डोक्यात — कोनं सांगतलं? माहं नाव तं नाही ना आलं? तुह्या बापाचं नाही वं आलं मनात, माहंच आलं. वावरात पोचलो तं झाडं उपटून धुऱ्यावर, बांधावर टाकेल होते. आदल्या दिवशी तुरीले पानी देल्लं होतं तुह्या बापानं, काळी माती, मुळाले हे एवढाले ढेकळं धरेल. आता तूच पाह्य, ही सोयाबीन आली का पहिले काय करतो आमी? मशीन लावतो, ओलावा पाह्यतो, बाराच्या वर गेला का कट्टी, म्हनजे तेवढं वजन कापाचं. माती दिसली का कट्टी, काडीकचरा दिसला का कट्टी. शेतकऱ्याच्या मालातून माती काढाले मी जिंदगीत चुकलो नाही. आन् त्या दिवशी ओले झाडं, मुळं, दांड्या, माती, सगळं गोनपाटात बांधलं आन् काट्यावर ठेवलं. कायद्यात म्हने फकस्त फुलाचे तुरे म्हनजे गांजा. तुह्या वकिलानं सांगतलंच असन. तुरे खुडून झटकून मोजले असते ना, तं दोन किलो भरले असते. जास्तीत जास्त अडीच.

वीसची रेघ असते. वीस किलोच्या वर गेलं का धंद्याचा माल, जमानत नाही, कमीत कमी दहा वर्षं. हे मले मांगून समजलं — नाही, मांगून नाही, तथीच समजलं. काट्यावर लाल आकडा आला, एकोनीस किलो सहाशे. आन् तो शिपाई हळूच म्हने, साहेब, वीसच्या खाली हाये, महिन्याभरात सुटून येते हा. म्या ऐकलं. साहेबानं काट्याकडे पाह्यलं, मंग माह्याकडे पाह्यलं, आन् इचारलं, मापारी, तुमच्या घरी कोन आजारी हाये म्हनतात? बस, एवढंच. सहज इचारलं असन. खरंच सहज इचारलं असन, आता वाटते मले. पन हा धंदाच असा हाये वं बाई, दुसऱ्याच्या डोळ्याकडे पाहून काटा धराचा. महादेवराव तोंडानं काही म्हनत नाहीत, नुसते पाह्यतात, मंग पोतं कसं टेकवाचं ते माह्या हाताले समजते. तीस वर्षांची सवय.

ऐक. हे वकिलाले मालूम नाही, कोनाले मालूम नाही. झाडं गोनपाटात भरतांनी ढेकळं गळून पडले होते खाली, धुऱ्यावर. मी वाकलो. कोनी सांगतलं नव्हतं मले. कोनीच नाही. दोन्ही हातानं ते ढेकळं उचलले, म्हनलं, साहेब, हे मुळाचंच हाये, राह्यलं होतं — आन् टाकले वर. एकवीस किलो दोनशे. साहेब म्हने, लिहा. म्या सही केली. तुहा बाप पाच हातावर उभा होता, दोन शिपायांच्या मधात, त्याहिनं सगळं पाह्यलं. शिव्या देल्या असत्या तं बरं झालं असतं, थुकले असते तं बरं झालं असतं.

रडू नको ना. मी नाही रडलो अजून, तू काऊन रडतं. कोकिळा त्याच्यानंतर चाळीस दिवस होती. चाळीस दिवस ती रोज संध्याकाळी दरवाजाकडे तोंड करून झोपे. म्हने, उकंडराव भाऊजी काऊन नाही आले? म्या सांगतलं, पोरीकडे गेले अमडापूरले. आठ दिवसानं पुन्हा, आले का? तवा इवळनं असं होतं का शेजारचे लोक लेकरं घेऊन दुसरीकडे झोपाले जात. एक दिवस म्हने, इसरले वाटते मले. आन् म्या काय म्हनलं? म्या म्हनलं, हाव, इसरले असतीन. असं म्हनलो मी तिले. काऊन का खरं सांगतलं असतं तं तिनं इचारलं असतं, तुमी तथी काय करत होते? ते मले सांगता आलं नसतं. गेली ती. तुह्या बापावर नाराज होऊन गेली. हे कोन्या कोर्टात सांगाचं, सांग बरं?

म्हनून परवा मी येतो. तू सांगाच्या पहिलेच ठरवलं होतं म्या, देवाशप्पथ. मातीचं सांगतो, पान्याचं सांगतो, ढेकळाचं — तेबी सांगतो. सरकारी वकील म्हनन मापारी फिरला, म्हनू दे. मले आत टाकतीन, टाकू दे, माह्या घरी आता कोन हाये वाट पाहाले. जजसाहेबाले म्हनीन, साहेब, दारूच्या दुकानाले लायसन देता आन् चमचाभर तुपाले दहा वर्षं देता, हे माप बरोबर नाही. एवढं बोलतो का नाही पाह्य. सकाळच्या गाडीनं निंगतो, तू कोर्टाच्या फाटकाजवळ थांब, म्हनजे... काय? मान काऊन हालवतं? येतो म्हनलं ना मी.

नाही याचं? काऊन नाही याचं? परवा तारीख हाये ना... तारीख नाही. म्हनजे पुढे ढकलली?

कबूल केलं? कोनं कबूल केलं — त्याहिनं? कवा? सोमवारी. अवं पन काऊन? दोन वर्षं जेलात काढली, आता तं साक्षीची पाळी आली होती, आता तं मी... दहा वर्षं. अडुसष्टाव्या वर्षी दहा वर्षं. वकील काय झोपला होता? काय म्हनलं वकिलानं? कोनाकोनाले देला त्याहिची यादी द्या, दुखन्याच्या लोकाहिले साक्षीले उभं करू? मंग बरोबरच म्हनलं ना त्यानं! द्याची ना यादी. मनकर्णाबाई आली असती, तो शिंपी आला असता. नाही म्हनले? कोनाचं नाव नको म्हनले?

कोनाचं?

हळू बोल... कोकिळाचं. मेलेल्या बाईले कोर्टात नाही ओढाचं. आन् इंद्रभानले पोलीस पुन्हा इचारतीन, त्याचं घर उघडं पडन. असं म्हनले? तुह्या तोंडावर म्हनले? आन् तू हेच सांगाले आली होती — का काका, तुमी येऊ नका, अडतीचा रोज बुडवू नका. त्याहिनं धाडलं तुले. मंग ढेकळाचं? ढेकळाचं सांगतलं होतं का तुले त्याहिनं?

पहिल्याच भेटीत.

म्हनजे तुले मालूम होतं. पहिल्यापासूनच. मी मघापासून बोलून राह्यलो, आन् तू इथं बसून पानी पेली माह्या हातचं.

आता वकिलाले सांगतलं म्या जाऊन, तं काही होते का? वरच्या कोर्टात गेलं तं? मी येतो ना, आता येतो, हा काटा बंद करतो...

हमाल आले. उठ बाई, अमडापूरची गाडी लागन आता, ती गेली तं मंग संध्याकाळशिवाय नाही. आलो बे, आलो, लाव ते पोतं! भेटीले जाशीन ना, तवा त्याहिले सांग का इंद्रभान... इंद्रभान म्हनला का...

काही नको सांगू. जाय.