केवड्याच्या बनातले तरणे

नाय ओ मास्तर, त्या आधीच्या मास्तरांचा काही दोष नाय — तेच तर सांगतोय! पेन ठेवा खाली आधी. ऐकायचं तर लिवायचं नाय. एकतीस साली असेच एक मास्तर आले व्हते, मुंबईच्या युनिव्हर्सिटीने धाडलेले — टोपी, वही, सगळं तुमच्यासारखंच. म्हणाले, मासळी वाळूत सुकवता, अर्धी कुसते, भाव येत नाय. आम्ही मांडवावर सुकवायला शिकवू, नीट खारवायला शिकवू, मग पोरांनी गिरणीत कशाला जायचं? चांगलंच बोलत व्हते. पण आम्हांला काय ठाऊक? वहीवाला माणूस वाडीत आला की एक तर सरकारी पट्टी बसते, नाय तर रस्त्याच्या कामाला वेठीला धरतात — बापजाद्यांपासून हेच बघितलेलं. तो पाखाडीच्या पायऱ्या उतरताना दिसला नि तरणे सगळे केवड्याच्या बनात लपले! कुणी धाडले? मीच. वाडीचा गावकर मी, माझा शब्द कोण मोडणार?

मास्तरांनी विचारलं, शिकायला तरणे किती? म्हटलं, एकही नाय, म्हातारे नि बायका उरल्यात. तर ते — हसू नका — बायकांनाच शिकवतो म्हणाले! सुकवतात त्याच ना? खरंच ओ, त्याच सुकवतात. पण माझं डोकं फिरलं. आमच्या बायका परक्या माणसासमोर बसणार नायत, म्हटलं. गुमान उठून गेले बिचारे. वर्ग गेला दुसऱ्या बंदराला. तिन्हीसांजेला पोरं बनातून आली, अंगभर काटे, नि आम्ही हसलो. पोट धरून हसलो! लाज वाटते आता सांगायला.

मग एकेक गेला मुंबईला. धोंडू गेला, रावजी गेला, नि आमचा दादू — माझा मुलगा. गिरणीतल्या कापसाच्या धुरळ्यात खोकायला लागला, दोन वर्सांत... असो. चिमा, त्याची बायको, अजून त्या मास्तरांना शिव्या घालते. आमच्या वाडीला नाय म्हणाले, म्हणून दादू गेला, म्हणते. तिला तसं कुणी सांगितलं? मी! मास्तरांशी बोललो तो मी एकटाच ना. सात वर्सं ऐकतोय नि गप बसतोय. आणि रोज पहिली भाकरी मलाच वाढते ओ ती.

म्हणून पाया पडतो, वर्ग इथंच काढा. बायकांचाच काढा. घ्या आता पेन, पहिलं नाव तिचं लिवा — चिमा. हात चांगला हाय तिचा, तिच्या खारवलेल्या मासळीला पार पावसच्या बाजारापर्यंत गिऱ्हाईक हाय. फक्त मी हे बोललो ते तिला नका सांगू. एवढं करा. मी मेल्यावर सांगा हवं तर —

काय? मागे काय बघताय?

चिमा... पाणी आणलंस गो? ठेव. ठेव ना खाली तो तांब्या, अशी काय बघतेस — मास्तर, उठा तुम्ही. जा आता. जा म्हणतो ना!