धुराड्याचा नियम

डोळ्यांच्या दवाखान्यात तपासणीआधी थेंब घालून बसवल्यामुळे निवृत्त ग्रंथपालांना पुस्तक उघडता येईना. मिटल्या डोळ्यांनी ते शेजारी बसलेल्या नवराबायकोचं बोलणं ऐकत राहिले, आणि ऐकतोय म्हणून मनातल्या मनात ओशाळलेही.

“दादा या रविवारी खेळायला येत नाही म्हणतोय.”

“गेल्या खेपेला डाव अर्धा टाकून उठला तुझा भाऊ. शोभतं का?”

“अहो, दुपारभर फासे टाकत होता तो. पटावरच्या तुमच्या युद्धनौकेचा साधा रंगही उडाला नाही.”

“लोखंडी चिलखत आहे तिला. त्या काळी तोफगोळे नुसते आपटून पाण्यात पडायचे. मी नियम इतिहासाला धरून केलेत.”

“मग इतिहासालाच बोलवा खेळायला.”

“त्याच्याशिवाय दुसरं येतं कोण माझ्याकडे?”

“म्हणूनच सांगतेय. चिलखत नाही फुटत, ठीक आहे. वरचं धुराडं तर उडेल?”

“ते उडेल. मग वाफ कमी, चाल कमी.”

“घाला तो नियम. चाल संपली की शरण.”

“माझं आरमार शरण जात नाही.”

“बरं. मग बसा एकटेच, दोन्हीकडचे फासे टाकत.”



“कर त्याला फोन.”

“दादा, ह्यांनी नियम बदललाय. हो, आता हरवता येतं ह्यांना. थांब, विचारते. अहो, पहिला डाव कोण हरणार, विचारतोय.”

“ते फासे ठरवतील.”

“मग नाही येत म्हणतोय.”

“मी हरतो म्हणावं. किती वाजता येतोय ते विचार.”