संमती कोणाची?

बंदुकीच्या परवान्याच्या खिडकीपुढे माझ्या आधी बँकेच्या पहारेकरी बाई होत्या, गणवेशात.

"बंदूक कोणाची बाई? नवऱ्याची?" खिडकीतल्या साहेबांनी विचारलं.

"माझी. बारा वर्षं बँकेच्या दारात उभी आहे. परवान्याची मुदत आज संपतेय. मुदतवाढीचा शिक्का मिळाला नाही तर उद्यापासून घरी बसायचं."

"मग नवऱ्याची लेखी संमती आणा."

"ती कशाला?"

"तुम्हा बायकांच्या नाकावर राग. घरात भांडण झालं आणि उचलली बंदूक, तर?"

"आत्ताच या बाजूच्या गृहस्थांना शिक्का दिलात. त्यांच्या बायकोची संमती घेतलीत?"

"त्यांचं वेगळं. पुरुषमाणूस घराच्या रक्षणासाठी ठेवतो."

"त्यांची बायको त्या बाकावर बसलीय. विचारा तिला."

शिक्क्याचा कागद खिशात घालता घालता तो गृहस्थ गर्रकन वळला.

"ओ बाई, आमच्या घरात नाक खुपसू नका! आणि तू काय बघतेस गं? ऊठ, चल."

ती उठली, पण दाराकडे गेली नाही. खिडकीशी येऊन तिने तोंडावरचा रुमाल काढला. ओठ फाटून सुजला होता.

"साहेब, माझी संमती नाही. कुठे लिहून देऊ?"

पहारेकरी बाईंनी आपलं पेन तिच्यापुढे धरलं.