सूर्य चालू, पंखा बंद

...आणि वर मलाच विचारतो, ‘दाजी, सूर्य चालू हाय न्हवं?’ आता यास काय उत्तर द्यावे, तुम्हीच सांगा! आमच्या लोहा गावचे चैत्रातले ऊन, भर माध्यान्ह, छपरावर सौरफलकांची रांग (लोक ‘प्लेटा’ म्हणतात, म्हणोत!), आणि खाली पंखा स्थितप्रज्ञ... तत्त्व निराळे आणि घाम निराळा, दुसरे काय?

तुम्हाला सांगतो, हे घर आखले माझ्या कन्येने, पुनमने. विष्णुपुरीला स्थापत्य शिकली ती. वर्षभरात घर जितकी वीज खाईल तितकीच पिकवील, असा तिचा आराखडा. विचारणारा भीमाशंकर, माझा मेहुणा, जळकोटला घर बांधणार. हे पसंत पडले तर पुनमला पहिले बाहेरचे काम! म्हणून उंबऱ्यातच मी त्याला सूर्योपासनेपासून समजावू लागलो, तोच गावाची वीज गेली. आणि आमचीही गेली!

‘आँ? तुमची तर घरची हाय की!’

पुनम म्हणाली, ‘मामा, तारंवर कुणी काम करून राहिलं तर त्याला आपल्या विजेचा झटका बसू नये, म्हणून आपली बी बंद होती.’

‘करून राहिलं’ नव्हे, ‘करीत असेल’! मी दुरुस्ती केली. तिने माझ्याकडे असे काही पाहिले...!

‘म्हंजे म्हस आपली, धार आपली, आन् गावची आटली की आपली बी आटायची?’

झाले! काम हातचे जाणार! मी जाड भिंतींवर आलो, उत्तरेच्या खिडक्यांवर आलो, उष्ण हवा वर जाऊन बाहेर पडते त्या झरोक्यांवर आलो... सौभाग्यवती पार्वतीबाई मध्येच, ‘अवं, त्याला पाणी तरी पिऊ द्या!’ तत्त्व निराळे आणि घाम निराळा, हे हिला कोण सांगणार? पण घाम कोणाला? एकट्या मला! मेहुणा गार फरशीवर आडवा, पंख्याविना घोरतो आहे! मी तरीही झरोके पूर्ण केले. विषय अर्धा सोडणे माझ्या स्वभावात नाही.

चहाला उठला. ‘पुनमे, असंच बांध बाई. लई ग्वाड झोप लागली.’ पोरीचा चेहरा काय फुलला म्हणता! ‘पर येक सांग, लाइट गेली, समदं बंद पडलं... मंग दाजी कसे काय चालू?’

आणि माझी ती विदुषी कन्या काय म्हणाली असेल? ‘मामा, त्यांना बटनच न्हाई!’

पुढच्या महिन्यात जळकोटला पायाभरणी. मानाने बोलावले आहे मला. नारळ मीच फोडायचा... आणि फोडून गप्प खाली बसायचे!